रंगवाल्याची थकबाकी

५ जानेवारी

“तुला आधी वाईटच दिसतं, तेव्हा तू कर्ज देणाऱ्यांत बसू नकोस, कर्ज बुडेल का ते बघणाऱ्यांत बस,” असं माझे पहिले साहेब बावीस वर्षांपूर्वी म्हणाले होते. मी तेव्हा फायलींच्या खोलीत जाऊन रडले होते. पुढे मात्र त्याच वाक्यावर पगार मिळत गेला. आज मी शाखेची जोखीम अधिकारी आहे आणि कपाटामागे मान खाली घालून रडायला माझी स्वतःची खोली आहे.

ही वही मुलीने दिली. “आई, तू रात्रभर पुटपुटत गणितं करतेस. लिहून काढ आणि आम्हाला झोपू दे.”

निमित्तही आहे. यंदापासून मुख्य कार्यालयाला कर्ज थकल्यावरची तरतूद पुरेशी वाटत नाही. कोण थकेल, याचा अंदाज आधीच करायचा आणि तेवढी रक्कम नफ्यातून काढून बाजूला ठेवायची. संध्याकाळी सासूबाईंनी विचारलं म्हणून त्यांना समजावून सांगितलं. त्या शब्दकोडं सोडवत होत्या. मान वर न करता म्हणाल्या, “म्हणजे आधी रडून घ्यायचं, मग बघायचं काही झालं का. हे तर तू घरी फुकट करतेस.”

९ जानेवारी

एकूण चारशे बारा खाती. आज ‘र’पर्यंत आले. सर्वांत चमत्कारिक खातं रंगवाल्याचं.

बाजाराच्या कोपऱ्यावर त्याचं रंगाचं दुकान आहे. वडिलांनी सुरू केलेलं, बत्तीस वर्षं जुनं. दुकान वाढवायला कर्ज घेतलं, दर तीन महिन्यांनी हप्ता. पहिली तीन वर्षं हप्ता पंचवीस तारखेला सकाळी साडेदहाला जमा, घड्याळ लावून घ्यावं असा. मग अचानक शिस्त बिघडली. गेले सहा हप्ते तो अठ्ठ्याऐंशीव्या नाहीतर एकोणनव्वदाव्या दिवशी भरतो. नव्वदावा दिवस उजाडला की आमच्याकडे खातं बुडीताच्या वाटेला लागतं, हे त्याला पक्कं ठाऊक दिसतं.

पंच्याहत्तराव्या दिवशी जोखीम अधिकाऱ्याने स्वतः जाऊन भेटायचं, हा नियम मीच केलेला. त्यामुळे दर तिमाहीला मी त्याच्या दुकानात दोनदा जाते. पहिल्या खेपेला तो म्हणतो, “अजून थोडे दिवस द्या, मॅडम.” दुसऱ्या खेपेला चेक देतो.

मी आलेख काढून पाहिला. शिस्त नेमकी कधी बिघडली? मी साठा तपासायला पहिल्यांदा गेले त्यानंतरच्याच हप्त्यापासून. साठा पूर्ण होता, तास-दीड तास लागला होता. तपासणीचा काही लोकांना फार ताण येतो, असं दिसतं.

अर्जात ‘अविवाहित’ लिहिलं आहे. जोखमीच्या दृष्टीने चांगलं, अवलंबून कुणी नाही. वय एकोणपन्नास.

पन्नास टक्के बुडण्याची शक्यता धरली.

१० जानेवारी

पन्नास जास्त होतात. पंचेचाळीस केली. माणूस उद्धट नाही, हेही धरायला हवं. मी गेले की डब्यांच्या रांगेतून खुर्ची काढतो, पुसतो आणि चहा बिनसाखरेचा मागवतो. साखर नको, हे मी एकदाच बोलले होते.

२ फेब्रुवारी

कर्जदार अडचणीत येतो आहे, हे हप्ता चुकण्याआधी कळलं पाहिजे. म्हणून आज शाखेतल्या सर्वांसाठी एक परिपत्रक काढलं, ‘धोक्याच्या खुणा’. दुकानाच्या पाटीचा रंग उडालेला असणे. निम्मेच दिवे लावणे. मालक गल्ल्यावर न दिसणे. मालकाने आपल्याला पाहून रस्ता ओलांडणे. जाता-येता दिसेल ते टिपून माझ्याकडे द्यायचं.

शिपाईमामांना फार उत्साह आला आहे. दुपारीच येऊन सांगितलं, “चष्मेवाल्याने दोनदा जांभई दिली. टिपू?”

“टिपा.”

“मी पण दिली, त्याचं बघून.”

“ते नको.”

१२ फेब्रुवारी

बाजाराला काय झालं आहे कळत नाही. चष्मेवाल्याने पाटी पिवळीधमक केली. गादीवाल्या बाईंनी शटर निळं, पायरी लाल. सायकलवाल्याने तर विजेचा खांबही रंगवला, तो त्याचा नसताना. भर दुपारी सगळ्या दुकानांत सगळे दिवे चालू. मालक गल्ल्यावर छाती काढून बसलेले. मी दिसले की रस्ता ओलांडून माझ्याकडे येतात आणि “धंदा जोरात आहे, मॅडम!” म्हणून ओरडतात.

एकाच आठवड्यात सबंध बाजार सुधारला. साहेब खूष आहेत. मी नाही. चांगलं काही झालं की मला आधी घाम फुटतो.

२० फेब्रुवारी

उलगडा झाला. परिपत्रकाच्या जादा प्रती शिपाईमामांनी पाठकोरे म्हणून झेरॉक्सवाल्याला दिल्या. झेरॉक्सवाला आमचाच कर्जदार. त्याने एक प्रत वाचली आणि दोनशे काढून विकल्या.

आता परिणाम. चष्मेवाल्याचा हप्ता चुकला. गादीवाल्या बाईंचा चुकला. सायकलवाला पंधरा दिवस मागतो आहे. सगळ्यांचं कारण एकच, पैसे रंगात गेले. म्हणजे थकबाकी ओळखायला काढलेल्या कागदाने थकबाकी झाली.

साहेबांनी बोलावलं. ते रागावले की फार हळू बोलतात. “मॅडम, आपल्या शाखेची जोखीम कोण आहे, सांगू का?”

“नको, साहेब.”

फक्त रंगवाल्याची विक्री तिप्पट झाली. सासूबाईंना सांगितलं तर कोडं बाजूला ठेवून पोट धरून हसल्या. मग म्हणाल्या, “काय वयाचा आहे म्हणालीस?”

मी वय सांगितल्याचं मला आठवत नाही.

८ मार्च

पाय मुरगळला. गादीवाल्या बाईंनी लाल पायरीला कालच दुसरा हात दिला होता, ती अजून ओली होती. बाई बिचाऱ्या माझ्याच मालकीच्या गादीवर मला झोपवून, म्हणजे बँकेकडे तारण असलेल्या गादीवर, रडायला लागल्या. डॉक्टर म्हणाले, अडीच आठवडे घरी बसा.

परवा रंगवाल्याचा पंच्याहत्तरावा दिवस आहे. मी साहेबांना फोन करून सांगितलं की मी रिक्षाने जाईन, पायाचं बघू. मुलीने फोन काढून घेतला. “आई, डॉक्टरांनी संडासापर्यंत जायला परवानगी दिली आहे. रंगाच्या दुकानापर्यंत नाही.”

१० मार्च

माझ्याऐवजी वसुलीचे दरारा गेले. नाव दुसरंच आहे, पण सगळी शाखा त्यांना दरारा म्हणते, कारण ते ‘नमस्कार’सुद्धा दम दिल्यासारखा करतात. संध्याकाळी त्यांचा फोन.

“मॅडम, माणूस साफ बिघडलेला आहे. मी आत गेलो, तर उठून उभा राहिला. मला बघितलं आणि खाली बसला.”

“हप्त्याचं काय म्हणाला?”

“म्हणाला, मॅडम आल्यावर देतो. मी म्हटलं, मी कोण दिसतोय? तर म्हणाला, तुम्ही वसुली अधिकारी दिसताय. वर चहा पाजला. पाकासारखी साखर होती त्यात!”

साखर घातली, म्हणजे हातात पैसा आहे. तरी भरत नाही. टिपून ठेवलं.

१३ मार्च

दुपारी झोप लागली होती तेव्हा रंगवाल्याचा फोन येऊन गेला. सासूबाईंनी घेतला. पाऊण तास बोलत होत्या, असं मुलगी सांगते.

“काय म्हणाला, आई?” मी सासूबाईंना विचारलं.

“पायाची चौकशी केली. मी सांगितलं, सुजलाय, पंधरा दिवस तरी हलणार नाही.”

“मग?”

“म्हणाला, मग थांबतो.”

थांबतो! याला काय अर्थ आहे? तो थांबला तरी व्याज थांबत नाही. एवढी साधी गोष्ट बत्तीस वर्षं जुन्या दुकानाच्या मालकाला कळू नये?

“बाकी पाऊण तास काय बोललात?”

“स्वयंपाकघराचा रंग,” सासूबाई म्हणाल्या आणि उभा शब्द शोधायला लागल्या.

१७ मार्च

रंगवाल्याकडून शेड कार्ड आलं, सासूबाईंच्या नावे. सव्वाशे छटा, त्यातल्या एकीवर पेन्सिलीची बारीक खूण. कबुतराच्या पंखासारखी करडी-निळी. मला हा रंग आवडतो. पहिल्यांदा साठा मोजायला गेले होते, तेव्हा एक डबा उघडा होता. “घर असं असावं,” असं मी काहीतरी म्हटलं होतं बहुतेक. दीड वर्षापूर्वी. योगायोग.

कर्जदाराकडून काहीही स्वीकारलं तर नोंद करावी लागते. मुलीकडून भेटवस्तूंच्या नोंदवहीत लिहवून घेतलं: ‘शेड कार्ड एक, किंमत शून्य, परत करणार.’

मुलगी म्हणाली, “आई, तू खरंच अशी आहेस, की करतेस?”

“कशी?”

ती आजीकडे बघून हसली. मग दोघी हसल्या. पाय दुखत होता, म्हणून मी विषय वाढवला नाही.

२५ मार्च

नव्वदावा दिवस. दिवसभर मोबाइल हातात धरून बसले. चार वाजता साहेबांना विचारलं, जमा झाले का? नाही. पाच वाजता? नाही. सहाला संगणकाने खातं आपोआप लाल केलं. त्यात कुणाला काही करता येत नाही.

चारशे बारा खात्यांपैकी कितीतरी लाल झालेली पाहिली आहेत. आज मी जेवले नाही. सासूबाई म्हणाल्या, “एवढं काय?” मी म्हटलं, वर्षअखेर आहे, सगळी तरतूद नफ्यातून जाणार, साहेब बोलतील. त्या म्हणाल्या, “हो, साहेबांसाठीच जेवली नाहीस.”

२७ मार्च

काठी टेकत बँकेत. मुख्य कार्यालयाचं पत्र टेबलावर होतं. या कर्जदाराची विक्री तिप्पट झाली आहे, खात्यात शिल्लक आहे, तरी हप्ता नाही. ऐपत असून न भरणारा, म्हणजे हेतुपुरस्सर थकवणारा. तसा अहवाल जोखीम अधिकाऱ्याने एकतीसपर्यंत पाठवावा.

ही माझ्या कामातली सर्वांत वाईट सही. नाव सगळ्या बँकांना कळवलं जातं. पुढे कुणी कर्ज देत नाही. रंगाच्या कंपन्या उधारीवर माल देणं बंद करतात, आणि उधारीवर माल मिळाला नाही तर रंगाचं दुकान सहा महिने टिकत नाही. त्याच्याकडे दोन कामगार आहेत, एक त्याच्या वडिलांच्या वेळेपासूनचा.

“पुरावा स्वच्छ आहे,” साहेब म्हणाले. “पैसे होते. मुद्दाम दिले नाहीत. तुम्ही एवढं का थांबताय?”

“कारण कळत नाही, साहेब.”

“कारण कशाला हवंय? मुद्दाम, एवढं पुरे.”

मी म्हटलं, उद्या शेवटचं भेटून येते.

२८ मार्च

मी गेले तेव्हा तो गिऱ्हाइकाला ब्रश दाखवत होता. काठी दिसली तसा ब्रश गिऱ्हाइकाच्या हातात तसाच ठेवून आला. खुर्ची पुसली. दुसरी खुर्ची आणली, माझ्या पायासाठी. तीही पुसली.

मी पाय वर घेतला नाही. बँकेच्या आवाजात सगळं सांगितलं. अहवाल, सगळ्या बँका, सहा महिने. तो ऐकत होता. त्याच्या नखांत पांढरा रंग होता आणि तो एका नखाने दुसऱ्या नखातला काढत होता.

“पैसे होते ना तुमच्याकडे?”

“होते.”

“मग?”

त्याने गल्ल्याखालचा खण उघडला आणि दोन पाकिटं माझ्यासमोर ठेवली. एकात चोवीस डिसेंबरचा चेक, दुसऱ्यात चोवीस मार्चचा. दोन्ही हप्ते, देय तारखेच्या आदल्या दिवशी लिहिलेले.

“लिहितो मी वेळेवरच,” तो म्हणाला. “नेहमीच लिहितो. देत नाही फक्त.”

“का पण?”

“वेळेवर दिला की तुम्ही येत नाही.”

मी पाकिटं घेतली, मुदत संपलेला डिसेंबरचा चेक नवा लिहवून घेतला, पावती लिहून दिली, आणि दंडव्याजाचा हिशेब समजावून सांगितला. तोही त्याने तिथेच चुकता केला, एक शब्द न बोलता. मी निघाले तेव्हा म्हणाला, “पायाला जपा. त्या लाल रंगाला वाळायला दोन दिवस लागतात, मी बाईंना बजावलं होतं.”

रिक्षात विचार केला. तक्रार रास्त आहे. वेळेवर भरणाऱ्या कर्जदारांकडे आपली बँक ढुंकूनही बघत नाही. सगळ्या भेटी थकवणाऱ्यांना. चांगल्या खातेदारांनाही सहा महिन्यांतून एकदा भेट द्यावी, अशी सूचना मुख्य कार्यालयाला करावी.

२८ मार्च, संध्याकाळी

वरची सूचना मी जेवताना मोठ्याने वाचून दाखवली. मुलीला ठसका लागला. सासूबाईंनी ताट बाजूला सारलं.

“अगं, तुला बुडणारी एवढी खाती ओळखता येतात, आणि एक माणूस दीड वर्ष दारात उभा आहे तो दिसेना?”

कान गरम झाले. मग एकदम आलेख आठवला. ज्या तारखेपासून शिस्त बिघडली ती तारीख. पुसलेली खुर्ची. बिनसाखरेचा चहा. कबुतरी रंग. मी सगळं टिपलं होतं, प्रत्येक गोष्ट, तारखेसकट, आणि निष्कर्ष काढला होता: तपासणीचा ताण.

“आई,” मी सासूबाईंना म्हटलं, “तुम्ही असं कसं म्हणता? तुम्ही…”

“मी तुझ्या नवऱ्याची आई आहे, म्हणूनच म्हणते,” त्या म्हणाल्या. “तो जाऊन अकरा वर्षं झाली. तू आठवतेस त्याच्यापेक्षा मी जास्त आठवते, दुधाच्या दातांपासून. पण आठवण मला पुरते. तुला ती पुरवून घ्यावी लागते, ते मला दिसतं.” मग मुलीला म्हणाल्या, “ताट उचल. आणि तो कबुतरी रंगच आण म्हणावं, स्वयंपाकघराला. खर्च मी देईन, म्हणजे हिची ती नोंदवही नको मध्ये.”

मुलीने ताट उचललं आणि जाता जाता माझ्या डोक्यावर हात ठेवला, मी तिच्या ठेवते तसा.

३० मार्च

अहवाल. ‘न भरण्याचे कारण’ या रकान्यासाठी संगणकात सतरा कारणं दिलेली आहेत. पूर, आग, मंदी, भागीदाराशी वाद, मालकाचा मृत्यू. मी सगळी वाचली, दोनदा. मग ‘इतर’ निवडलं. तिथे शंभर अक्षरं मिळतात. मी लिहिलं: ‘थकवल्यास अधिकारी भेटीस येतात, म्हणून. पैसे बुडवण्याचा हेतू नव्हता. चेक वेळेवर लिहिलेले. पाहिले.’

साहेबांनी चष्मा काढून वाचलं, चष्मा लावून वाचलं.

“कुठले अधिकारी?”

“मी, साहेब.”

साहेबांनी कागदावर बोट खाली सरकवलं. “मॅडम, खाली प्रश्न आहे. ‘अधिकाऱ्याचे कर्जदाराशी वैयक्तिक संबंध आहेत काय?’ काय लिहायचं?”

“नाहीत… सध्या.”

“सध्या?” साहेब फारच हळू म्हणाले.

“खोटं लिहू नये म्हणून म्हटलं, साहेब.”

त्यांनी सही केली. दरवाजापाशी मला थांबवून विचारलं, “तरतूद किती टक्के धरली होती याच्यावर?”

“आधी पन्नास, मग पंचेचाळीस.”

“पाच टक्के कशाचे कमी केले?”

मी काठी टेकत बाहेर पडले.

९ एप्रिल

आज मुख्य कार्यालयाचा निर्णय आला. सर्व थकबाकी व्याजासह भरल्याने खातं पुन्हा नियमित. हेतुपुरस्सर ठरवण्याचा प्रस्ताव मागे. दुकान वाचलं.

मी फायलींच्या खोलीत जाऊन पुन्हा एकदा रडले, बावीस वर्षांत पहिल्यांदा चांगल्या बातमीवर. शिपाईमामा आत आले, मला बघून परत गेले आणि बाहेर टिपून ठेवलं की काय, देव जाणे.

पण पत्राला दुसरं पान होतं. ‘कर्जदाराची पूर्वीची बेशिस्त पाहता पुढील वर्षभर जोखीम अधिकाऱ्याने दर आठवड्यास समक्ष भेट द्यावी व अहवाल पाठवावा.’

दर आठवड्यास. वर्षभर. समक्ष.

साहेबांना म्हटलं, हे दुसऱ्या कुणाला द्या. दरारांना द्या. दरारा ओरडले, “मी नाही जाणार, तो मला बघून खाली बसतो!”

नियमाने मला त्या दुकानात दर आठवड्याला जावंच लागणार. आणि नियमानेच, तो आमचा कर्जदार आहे तोवर तिथे मला चहा पिता येणार नाही, दुसऱ्या खुर्चीवर पाय ठेवता येणार नाही, आणि त्याने काही विचारलं तर हो म्हणता येणार नाही. मी हो म्हणेन की नाही, हे मला अजून माहीत नाही. तरी घाम फुटला आहे, त्या अर्थी काहीतरी चांगलं होत असावं.

१० एप्रिल

बँकेच्या कागदावर नको, म्हणून मुलीच्या वहीतलं पान फाडून पत्र लिहिलं. चार वेळा खोडलं. उद्या पहिल्या भेटीला जाताना स्वतः नेऊन देणार. तो वाचेल, नखातला रंग काढत बसेल, आणि नाही म्हणेल. का नाही म्हणणार? ज्या भेटीसाठी त्याने दीड वर्ष दंडव्याज भरलं, ती भेट आता मुख्य कार्यालयानेच त्याला दर आठवड्याला मंजूर केली आहे. शिवाय मी सुचवते आहे तिथला व्याजदर आमच्यापेक्षा अर्ध्या टक्क्याने जास्त आहे, आणि हे मला पत्रात लिहावंच लागलं, फसवणूक नको म्हणून.

पत्र असं:

‘आपण बँकेचे चांगले खातेदार आहात, हे आधी नोंदवते. तरीही माझी आपल्याला वैयक्तिक विनंती आहे की आपण आपलं सगळं कर्ज आमच्याकडून हलवून चौकातल्या दुसऱ्या बँकेत न्यावं, तिथला व्याजदर अर्धा टक्का जास्त असला तरी. शक्य तितक्या लवकर.’